पॅरासिटामॉलच्या खालची ओळ : बायपासनंतरच्या वेदनाशमनाचे एक प्रकरण

गुहागर तालुक्याच्या किनारपट्टीवर मी गेली २२ वर्षे सर्वसाधारण वैद्यकीय व्यवसाय करतो. आमच्या गावांतली माणसे हृदयाच्या शस्त्रक्रियेसाठी मुंबईला, कोल्हापूरला किंवा डेरवणला जातात आणि आठ-पंधरा दिवसांनी छातीवर उभा व्रण घेऊन घरी परततात. परतल्यावर त्यांना पडणारा पहिला प्रश्न हृदयाचा नसतो, दुखण्याचा असतो. रात्री कूस बदलता येत नाही, खोकला आला की छाती उकलेल अशी भीती वाटते, अशा वेळी गोळी कोणती घ्यावी? हा प्रश्न डॉक्टरांपर्यंत येण्याआधीच बहुधा शेजारी, मुंबईतल्या मुलाच्या फोनवर किंवा बाजारपेठेतल्या औषधाच्या दुकानात परस्पर निकाली निघतो. पुढील प्रकरणात तसेच घडले. रुग्णाची आणि कुटुंबाची संमती घेऊन ते लिहीत आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

रुग्ण आणि घरी येईपर्यंतचा काळ

रुग्ण ६३ वर्षांचे आंबा बागायतदार. गाव त्यांना तात्या म्हणते, मीही तसेच म्हणतो. मधुमेह ११ वर्षांपासून, उच्च रक्तदाब त्याच्याही आधीपासून, आणि दोन्ही गुडघ्यांची झीज. बाग डोंगरउतारावर असल्यामुळे हंगामात दिवसातून चार-पाच वेळा चढउतार होई आणि त्या दिवसांत ते गुडघ्यांसाठी डायक्लोफेनॅकची गोळी जवळजवळ रोज घेत. ही गोळी ते स्वतःच विकत आणत असल्यामुळे माझ्याकडच्या त्यांच्या केसपेपरवर तिची नोंद नव्हती.

माघात मुंबईत त्यांची बायपास झाली. छातीच्या आतल्या बाजूने जाणारी डावीकडची एक धमनी आणि डाव्या पायातून काढलेली शीर वापरून तीन जोडण्या केल्या गेल्या. आठव्या दिवशी त्यांना घरी सोडले, आठवडाभर ते मुलाकडे राहिले आणि १५व्या दिवशी मोटारीने गावी आले. सोबतच्या औषधांत गुठळी होऊ न देणारी ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल, कोलेस्टेरॉलसाठी ॲटोरव्हास्टॅटिन, हृदय व रक्तदाबासाठी मेटोप्रोलॉल आणि रॅमिप्रिल, लघवीवाटे पाणी काढणारी टॉर्सेमाइड, मधुमेहासाठी मेटफॉर्मिन आणि पित्तासाठी पँटोप्राझोल ही होती. दुखण्यासाठी ६५० मिलिग्रॅमची पॅरासिटामॉल दिवसातून तीन वेळा, दहा दिवस, असे लिहिले होते.

१६व्या दिवशी ते माझ्याकडे जखमा दाखवायला आले. जखमा कोरड्या होत्या, रक्तदाब १२४/७६, वजन ६१.५ किलो, रुग्णालयातून निघतानाचे क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचे काम मंदावले की रक्तात वाढणारे द्रव्य) १.१. मी साखर पाहिली, पथ्य सांगितले, श्वासाच्या व्यायामाचे तीन चेंडूंचे यंत्र नियमित वापरायला सांगितले. दुखते का, किती दुखते, आणि पॅरासिटामॉल दोन दिवसांत संपल्यावर काय करणार आहात, हे मात्र मी विचारले नाही. या प्रकरणातली पहिली चूक तिथे आहे आणि ती माझी आहे.

शिमगा

१९व्या दिवशी ग्रामदेवतेची पालखी घरी आली. तात्यांचे घर मानकऱ्यांचे. मुंबईहून चाकरमानी आलेले, घर भरलेले. पालखी खांद्यावर घ्यायची नाही हे त्यांनी काटेकोरपणे पाळले, पण पाच तास ते ओटीवर पाठीला टेकू न घेता बसले, येणाऱ्या-जाणाऱ्याशी बोलले, आणि पालखी अंगणात नाचत असताना दांडा सावरायला त्यांचा हात नकळत वर गेला. त्या रात्री दोन्ही खांद्यांच्या मधोमध अशी कळ लागली की त्यांना बसूनच रात्र काढावी लागली. पॅरासिटामॉल आदल्या दिवशीच संपली होती.

सकाळी मुलाने रुग्णालयातल्या परिचारिकेचे बोलणे आठवून पाहिले. तिने सांगितले होते की दुखले तर पॅरासिटामॉल द्या, दुसरे काही नको. डिस्चार्जचा कागद इंग्रजीत, अनेक पानांचा होता आणि शेवटच्या पानावर 'एनएसएआयडी टाळावीत' एवढ्या अर्थाची एक ओळ होती. त्या आद्याक्षरांचा अर्थ घरात कुणालाही ठाऊक नव्हता. दुकानात मुलाने 'पॅरासिटामॉलची, पण जरा जोरदार गोळी द्या, वडिलांचे ऑपरेशन झाले आहे' असे सांगितले. त्याला मिळालेल्या पाकिटावर पॅरासिटामॉल हे नाव खरोखरच होते. मात्र त्याच पाकिटावर आणखी दोन नावे होती : ॲसिक्लोफेनॅक १०० मिलिग्रॅम आणि सेरॅशिओपेप्टिडेज. ॲसिक्लोफेनॅक हे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय देता येत नाही. चिठ्ठी कुणी मागितली नाही.

गोळीने उत्तम काम केले. दुसऱ्या दिवशी तात्या शांत झोपले, तिसऱ्या दिवशी बागेच्या कडेपर्यंत चालत गेले. गोळी चुकीची आहे अशी शंका घ्यायला घरच्यांना काही कारणच उरले नाही, आणि सकाळ-संध्याकाळ एक याप्रमाणे सहा दिवस ती चालू राहिली.

२६वा दिवस

तात्यांच्या पत्नी, म्हणजे काकी, त्यांना घेऊन आल्या त्या पायांच्या सुजेसाठी. चपलेचा पट्टा बसत नव्हता. शीर काढलेल्या डाव्या पायाला थोडी सूज पहिल्यापासून होती आणि ती अपेक्षितच असते. आता उजवा पायही सुजला होता व बोटाने दाबल्यावर खळगा पडत होता. वजन ६४ किलो, म्हणजे दहा दिवसांत अडीच किलोची वाढ. रक्तदाब १५८/९४. लघवी कमी होते असे तात्या म्हणाले. धाप नव्हती, शौचाला काळे होत नव्हते, ताप नव्हता.

औषधे दाखवा म्हटल्यावर काकींनी पिशवी टेबलावर रिकामी केली. त्यात ते पाकीट होते. मी त्याच्याकडे बोट दाखवताच तात्या म्हणाले, "पॅरासिटामॉलच आहे हो ती, वरती लिहिलंय बघा." ते खरेच बोलत होते.

ईसीजीत जुन्या आलेखाच्या तुलनेत नवे काही नव्हते. रक्ताचा नमुना घेऊन त्यांना त्याच दुपारी सुमारे ४५ किलोमीटरवरच्या चिपळूणला पाठवले. तिथे क्रिएटिनिन १.९ आणि पोटॅशियम ५.६ आले. पोटॅशियम एवढे का चढले याचा शोध घेताना आणखी एक गोष्ट कळली : भेटायला येणारा प्रत्येक जण शहाळी आणत होता आणि तात्या रोज दोन-तीन शहाळ्यांचे पाणी पीत होते. आजाऱ्याला शहाळे ही आपल्याकडची प्रेमाची रीत आहे, आणि एरवी तिच्यात काही वावगे नाही. परंतु शहाळ्याच्या पाण्यात पोटॅशियम भरपूर असते, रॅमिप्रिलमुळे ते शरीरात साठण्याकडे कल असतो, आणि मूत्रपिंड मंदावले की ते बाहेर टाकण्याची वाटच अरुंद होते. पोटॅशियम आणखी चढले असते तर हृदयाच्या ठोक्यांची लय बिघडण्याचा धोका होता.

त्या गोळीने काय केले

डायक्लोफेनॅक, ॲसिक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन, नॅप्रोक्सेन, निमेसुलाइड, एटोरिकॉक्सिब ही सगळी एकाच घराण्यातली औषधे. स्टेरॉइड नसलेली, सूज व वेदना कमी करणारी औषधे असे त्यांचे वर्णन करतात, आणि डिस्चार्जच्या कागदावरची आद्याक्षरे याच घराण्याची होती. शरीरात प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्ये तयार होतात. ती जखमेच्या जागी वेदना व सूज निर्माण करतात म्हणून ती अडवली की आराम पडतो. पण हीच द्रव्ये मूत्रपिंडात शिरणारी सूक्ष्म रक्तवाहिनी उघडी ठेवण्याचे कामही करतात. तात्यांच्या बाबतीत रॅमिप्रिल मूत्रपिंडातून बाहेर पडणारी वाहिनी सैल करत होते, टॉर्सेमाइड शरीरातले पाणी कमी करत होते, आणि आत येणारी वाहिनी या गोळीने आवळली. येणारा प्रवाह कमी आणि आतला दाब टिकवण्याची सोय नाही, अशा तिहेरी कोंडीत गाळणीचे काम मंदावले. मीठ व पाणी साठले, वजन वाढले, रक्तदाब चढला. या तीन औषधांचे एकत्र येणे मूत्रपिंडाला घातक असते हे वैद्यकात चांगले ठाऊक आहे. दुकानाच्या काउंटरवर मात्र तिसरे औषध देताना पहिली दोन कुणी विचारत नाही.

दुसरा धोका हृदयाचा आणि तो अधिक गंभीर. बायपासनंतरचे पहिले काही आठवडे नव्या जोडण्यांत गुठळी होण्याची शक्यता अधिक असते. हे घराणे रक्तवाहिन्या खुल्या ठेवणारे प्रोस्टासायक्लिन कमी करते आणि पारडे गुठळीच्या बाजूला झुकवते. हे केवळ तर्कावर आधारलेले नाही. रोफेकॉक्सिब हे याच घराण्यातले औषध हृदयविकाराचे झटके वाढतात असे दिसल्यामुळे सप्टेंबर २००४ मध्ये जगभरातून मागे घेतले गेले. याच घराण्यातल्या पॅरेकॉक्सिब व व्हाल्डेकॉक्सिब यांचा अभ्यास तर नेमका बायपास झालेल्या रुग्णांवरच झाला होता, आणि त्यांत औषध घेणाऱ्यांना हृदय व मेंदूच्या रक्तवाहिन्यांचे अपाय अधिक झाले. २००५ मध्ये व्हाल्डेकॉक्सिबही बाजारातून गेले आणि अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने या संपूर्ण घराण्याच्या माहितीपत्रकावर चौकटीतली सूचना घातली की बायपासच्या वेळच्या वेदनेसाठी ही औषधे वापरू नयेत. २०१३ मध्ये युरोपच्या औषध संस्थेने डायक्लोफेनॅक हृदयाच्या रक्तवाहिन्यांचा विकार असलेल्यांना वर्ज्य ठरवले. काही शल्यचिकित्सक निवडक रुग्णांना रुग्णालयात, रोजच्या रक्त तपासणीच्या आधाराने, दोन-तीन दिवस यांतले औषध देतात. पण तो निर्णय त्यांचा आणि ती देखरेख तिथली. घरी आणलेल्या पाकिटाला ते उदाहरण लागू होत नाही.

आयबुप्रोफेनची आणखी एक अडचण आहे. ॲस्पिरिन रक्तबिंबिकेतल्या, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या सूक्ष्म पेशीतल्या, एका वितंचकाला कायमचे चिकटते आणि ती बिंबिका जगेल तोवर, म्हणजे सात ते दहा दिवस, निष्प्रभ करते. आयबुप्रोफेन त्याच जागी काही तास येऊन बसते. तेवढ्यात ॲस्पिरिन रक्तातून निघून जाते, नंतर आयबुप्रोफेनही सुटते, आणि नवी जोडणी राखायला ठेवलेल्या ॲस्पिरिनचा त्या दिवसाचा उपयोग बुडतो. शिवाय ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल आणि या घराण्यातले कोणतेही औषध एकत्र आले की जठरातून रक्तस्राव होण्याचा धोका वाढतो. पँटोप्राझोलने तो कमी होतो, नाहीसा होत नाही.

तात्यांना मूत्रपिंडाचे समजावताना मी गिधाडांचा दाखला दिला. रायगड जिल्ह्यात म्हसळ्याजवळच्या चिरगावची गिधाडे त्यांनी ऐकून माहीत होती. गुरांना दिलेले डायक्लोफेनॅक मृत जनावरांच्या मांसातून गिधाडांच्या पोटात गेले आणि मूत्रपिंडे निकामी होऊन ती मोठ्या संख्येने मेली, म्हणून भारताने २००६ मध्ये ते जनावरांसाठी बंद केले. जनावराच्या शरीरात ॲसिक्लोफेनॅकचे डायक्लोफेनॅक होते, त्यामुळे २०२३ मध्ये तेही जनावरांसाठी बंद झाले. माणसाचे मूत्रपिंड गिधाडाइतके हळवे नसते आणि धडधाकट माणूस ही गोळी चार दिवस सहज पचवतो, हेही मी सांगितले, कारण भीती घालून कुणी औषध नीट घेत नाही. पण तात्यांची मूत्रपिंडे ११ वर्षांच्या मधुमेहाची होती.

दुखणे नेमके कोणते

ही गोळी बंद करणे सोपे होते. कठीण काम त्यानंतरचे होते, कारण दुखणे खरे होते आणि ते अंगावर काढ म्हणणे हा उपचार नव्हे. छाती दुखते म्हणून माणूस उथळ श्वास घेतो, खोकला दाबतो, मग कफ साठतो आणि फुप्फुसाचा खालचा भाग मिटून जंतुसंसर्गाला वाव मिळतो. ज्या दोन दिवसांत त्यांच्याकडे कोणतीच गोळी नव्हती, त्या काळात चेंडूंचे यंत्र कपाटात गेले होते. न झोपलेल्या माणसाची साखर व रक्तदाबही आवरत नाही.

म्हणून गोळीचे नाव ठरवण्याआधी दुखण्याची जागा ठरवली. तात्यांना 'छाती दुखते' या शब्दांखाली चार वेगळी दुखणी होती. पहिले छातीच्या मधल्या हाडाचे. हे हाड उभे कापून नंतर पोलादी तारांनी बांधलेले असते, ते बऱ्यापैकी सांधायला सहा ते आठ आठवडे आणि नेहमीचा भार पेलायला सुमारे तीन महिने लागतात; खोकताना आणि उठताना कळ येणे या काळात अपेक्षित आहे. दुसरे खांद्यांमधले, ज्याने शिमग्याच्या रात्री त्यांना जागवले. शस्त्रक्रियेत काही तास छातीचा पिंजरा फाकवून धरलेला असतो, बरगड्यांचे पाठीकडचे सांधे व स्नायू ताणले जातात, आणि नंतर जखमेला जपण्यासाठी माणूस खांदे पुढे ओढून वाकून बसतो, त्याने तो ताण टिकून राहतो. तिसरे डाव्या स्तनाभोवतीची बधिरता आणि सदरा घासला तरी होणारी जळजळ. आतली धमनी सोडवून घेताना बरगड्यांजवळच्या नसा दुखावतात त्याची ही खूण. चौथे पायाच्या व्रणाचे ओढल्यासारखे दुखणे.

या चारांत न बसणारे पाचवे काही आहे का, हे पाहणे सर्वांत महत्त्वाचे होते. चालताना छातीत दाब येऊन थांबल्यावर जाणे, म्हणजे शस्त्रक्रियेपूर्वीचे दुखणे परत येणे, त्यांना होत नव्हते. कूस बदलताना हाड कटकट वाजत नव्हते, व्रणातून पू नव्हता. पोटरी एकाच बाजूने टणक व दुखरी नव्हती. खोल श्वासाने वाढणारी आणि पुढे वाकल्यावर कमी होणारी कळ ताप घेऊन आली असती, तर हृदयाच्या आवरणाला आलेल्या सुजेचा विचार करावा लागला असता. शस्त्रक्रियेनंतर काही आठवड्यांनी ती येऊ शकते आणि तिच्यावरची कोल्चिसिनसारखी औषधे हृदयतज्ज्ञानेच ठरवायची असतात. यातले काहीही असते तर प्रश्न वेदनाशामकाचा राहिलाच नसता. गोळीने दुखणे दबले असते आणि वेळ गेला असता.

निवड

चिपळूणच्या रुग्णालयात त्यांना दोन दिवस देखरेखीखाली ठेवले. मुंबईच्या हृदयतज्ज्ञांशी फोनवर बोलून रॅमिप्रिल व मेटफॉर्मिन काही दिवस थांबवले, साखरेसाठी मूत्रपिंडाला चालणारी दुसरी गोळी दिली, आणि अंगावर पाणी असल्यामुळे टॉर्सेमाइड चालू ठेवले. शहाळी बंद केली. ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल यांना हात लावला नाही. 'किडनीसाठी सगळ्या गोळ्या बंद' असा निर्णय घरी कुणी घेतला असता तर नव्या जोडण्या धोक्यात आल्या असत्या.

दुखण्यासाठी मुख्य औषध पॅरासिटामॉलच ठेवले, पण घेण्याची पद्धत बदलली. दुखणे असह्य झाल्यावर घेतलेली गोळी अपुरी वाटते आणि त्यातूनच 'जोरदार' गोळीचा शोध सुरू होतो. म्हणून ६५० मिलिग्रॅम सकाळी सहा, दुपारी बारा आणि संध्याकाळी सहा वाजता, दुखो वा न दुखो, असे आठवडाभर ठरवले. आंघोळ आणि श्वासाचा व्यायाम गोळीनंतर अर्ध्या-पाऊण तासाने करायचा, म्हणजे ज्या हालचालीला दुखते तिच्या वेळी औषध रक्तात असते. रात्रीचा प्रश्न उरला. त्यासाठी पहिल्या चार रात्रींपुरती ट्रामाडॉल ३७.५ आणि पॅरासिटामॉल ३२५ मिलिग्रॅमची एक गोळी दिली. ट्रामाडॉलने मूत्रपिंडावर व गुठळीवर परिणाम होत नाही, परंतु गुंगी येते, मळमळते आणि हमखास बद्धकोष्ठ होतो. कुंथण्याने छातीच्या हाडावर ताण येतो, म्हणून पहिल्याच रात्रीपासून सोबत शौच मऊ करणारे लॅक्टुलोज दिले. गोळी घेतल्यावर रात्री एकट्याने मागच्या दारी जायचे नाही, हेही काकींना बजावले.

इथे पॅरासिटामॉलची बेरीज करावी लागते. तीन वेळा ६५० म्हणजे १९५० आणि रात्रीचे ३२५, एकूण २२७५ मिलिग्रॅम. प्रौढासाठी दिवसाची कमाल मर्यादा ४ ग्रॅम असली तरी कमी वजनाच्या, वयस्कर, मद्यपान करणाऱ्या किंवा यकृत दुबळे असलेल्या माणसाला मी दोन ते तीन ग्रॅमच्या वर जाऊ देत नाही. सर्दीच्या बहुतेक गोळ्यांतही पॅरासिटामॉल असते आणि ते न कळत बेरजेत मिसळते. पाण्यात विरघळून फसफसणाऱ्या पॅरासिटामॉलच्या गोळीत सोडियम बरेच असते, त्यामुळे पायांवर सूज असलेल्या तात्यांना साधीच गोळी घ्यायला सांगितली. हे औषध निर्दोष आहे असे मी म्हणणार नाही; रोज चार ग्रॅम घेतल्याने रक्तदाब थोडा वाढतो असे दिसले आहे. पण उपलब्ध औषधांत तात्यांसाठी सर्वांत कमी धोक्याचे तेच होते.

नसांच्या जळजळीसाठी गॅबापेंटिन किंवा प्रेगाबालिन देता आले असते. दोन्ही मूत्रपिंडावाटे बाहेर पडतात, आणि प्रेगाबालिनने पाय सुजतात. त्या आठवड्यात सूज औषधाची की हृदयाची हे ओळखणे अशक्य झाले असते, म्हणून थांबलो. ही जळजळ नसेची आहे, हृदयाची नाही, एवढे समजल्यावरच तात्यांचा अर्धा त्रास कमी झाला. मऊ सुती गंजी घालायला सांगितली.

बाकीचे उपाय घरातलेच होते आणि त्यांचा वाटा मी कमी लेखत नाही. खोकताना व उठताना लहान टणक उशी दोन्ही हातांनी छातीशी घट्ट धरायची. उताणे झोपताना पाठीखाली उंचवटा आणि दोन्ही कोपरांखाली उशा. ओटीवर बसायचे तर टेकून, आणि दर अर्ध्या तासाने उठायचे. खांदे मागे फिरवण्याचा हलका व्यायाम दिवसातून चार वेळा. काकींना छातीवर रुईच्या पानांचा शेक द्यायचा होता. तो मी नाकारला, कारण रुईचा चीक व्रणाला लागला तर दाह होतो आणि बधिर कातडीला चटका कळत नाही. त्याऐवजी खांद्यांमध्ये गरम पाण्याची रबरी पिशवी, कापडात गुंडाळून, दहा मिनिटे. मधुमेहामुळे पायाला मात्र शेक द्यायचाच नाही.

झडपेची शस्त्रक्रिया झालेल्यांसाठी इथे एक वेगळी गोष्ट सांगायला हवी, कारण तात्यांचे औषधपत्र पाहून शेजारच्या गावातल्या एका बाईंनी तेच आपल्याला चालेल का असे विचारले. त्यांना कृत्रिम झडप आहे आणि रक्त पातळ ठेवण्यासाठी वॉर्फरिन चालू आहे. अशा व्यक्तीने पॅरासिटामॉल रोज दोन ग्रॅम किंवा अधिक असे बरेच दिवस घेतले तर आयएनआर, म्हणजे रक्त किती पातळ झाले आहे ते दाखवणारा आकडा, वाढू शकतो; ट्रामाडॉलनेही तो वाढतो; आणि मिथिल सॅलिसिलेट असलेला बाम अंगाला भरपूर चोळला तरी ते कातडीतून शिरून रक्तस्रावाचा धोका वाढवते. म्हणून त्यांना पॅरासिटामॉल चालेल, पण आठवड्याच्या आत आयएनआर तपासून. एकाचे औषधपत्र दुसऱ्याला देऊ नये याचे कारण असे अगदी व्यवहारी आहे.

पुढील दिवस

२८व्या दिवशी क्रिएटिनिन १.६ आणि पोटॅशियम ५.० झाले, ३५व्या दिवशी क्रिएटिनिन १.३, आणि ४९व्या दिवशी पुन्हा १.१. वजन ६१.८ वर आले. रॅमिप्रिल अर्ध्या मात्रेने सुरू करून दहा दिवसांनी रक्त तपासले व मग पूर्ववत केले. ट्रामाडॉल चार रात्रींनंतर लागली नाही. पॅरासिटामॉलची दुपारची गोळी ३५व्या दिवशी सुटली, सहाव्या आठवड्यात फक्त रात्रीची उरली, आणि आंब्याच्या पेट्या भरण्याच्या दिवसांत ते खळ्यावर खुर्ची टाकून बसत, पेटी उचलत नसत.

मुलाने मुंबईला जाण्यापूर्वी माझ्याकडून एका पुठ्ठ्यावर मराठीत लिहून घेतले. त्यावर चालणारे औषध एकच : 'पॅरासिटामॉल, आणि पाकिटावर दुसरे कोणतेही नाव नको.' खाली न चालणाऱ्या सहा औषधांची नावे मराठी आणि इंग्रजी अक्षरांत, कारण पाकिटावर ती इंग्रजीतच असतात. त्याखाली तातडीने येण्याची कारणे : दोन दिवसांत दीड किलो वजन वाढणे, लघवी कमी होणे, काळे शौच, ताप, हाड वाजणे, चालताना छातीत दाब येणे. मुलगा हा पुठ्ठा दुकानातही दाखवून आला. त्यानंतर १६व्या दिवसाच्या भेटीला येणाऱ्या प्रत्येक रुग्णाला मी दुखण्याबद्दल आधी विचारतो आणि असा पुठ्ठा देतो.

तिसरा महिना संपता संपता तात्या गुडघ्यांचा प्रश्न घेऊन आले. छाती शांत झाली होती, चालणे वाढले होते आणि जुने दुखणे वर आले होते. डायक्लोफेनॅक आता पोटातून कधीच नाही, हे त्यांना पटले होते; मग काय, हे त्यांना हवे होते. चढणीवर जायच्या अर्ध्या तास आधी पॅरासिटामॉल, मांडीच्या पुढच्या स्नायूंचा व्यायाम रोज दोन वेळा, हातात काठी, आणि बागेत चढताना नागमोडी वाट, एवढे सांगितले. क्रिएटिनिन स्थिर असल्यामुळे डायक्लोफेनॅकचे जेल फक्त जास्त दुखणाऱ्या उजव्या गुडघ्याला, मोजून आणि दोन आठवड्यांपुरते लावायची परवानगी दिली; पोटातून घेतलेल्या गोळीच्या तुलनेत जेलमधून सुमारे सहा टक्केच औषध रक्तात जाते. दोन आठवड्यांनंतरचे क्रिएटिनिन १.१ होते. गुडघा पूर्ण थांबलेला नाही, डाव्या स्तनाजवळची कातडी अजून बधिर आहे, आणि पुढची तपासणी भातलावणी झाल्यावर ठरली आहे.